पहिल्या क्रमांकाचा पियानो

आंबेडकरी गीतांवर आजवर जे लिहिले गेले ते जवळजवळ सर्व शब्दांवर लिहिले गेले. वामनदादा कर्डकांच्या गीतांतील प्रतिमा, भीमराव कर्डकांच्या जलशातील प्रबोधन, गायन पार्ट्यांचे सवाल-जवाब यांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. परंतु ते गीत ज्या आवाजात हजारो माणसांच्या कानावर पडते त्या आवाजाविषयी आमची समीक्षा मुकी आहे. जणू गीत कागदावर जन्मले आणि कागदावरच राहिले! मीही वर्गात हेच करीत आलो. फळ्यावर कडवे लिहायचे, त्यातील विद्रोह समजावून सांगायचा आणि पेटी, ढोलकी, कीबोर्ड हे सारे 'साथ' या एका शब्दात गुंडाळून टाकायचे. या लेखात मला त्या साथीतल्या एका लहानशा गोष्टीचा विचार करायचा आहे. मंचावरच्या कीबोर्डात पियानोचे पंधरा-वीस आवाज असतात. कोणत्या गाण्याला त्यातला कोणता आवाज लावायचा, हे कोण ठरवते आणि कोणत्या निकषावर?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला असता. पण या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची तालीम आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात चालली होती. पेटी, ढोलकी, ऑक्टापॅड, एक बॅन्जो आणि एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड. कीबोर्ड वाजवणारा पोरगा दिवसा वायरमनचे काम करतो. त्याने जो पियानो लावला होता तो मला ऐकवेना. घोगरा, किंचित खरखरीत, नाकातून आल्यासारखा आवाज. मी म्हणालो, "अरे, यात चांगला पियानो नाही का? तो पहिल्या नंबरचा ग्रँड पियानो लाव की. कार्यक्रम भारदस्त वाटला पाहिजे." त्याने पेटीवाल्याकडे एकदा पाहिले आणि "लावतो सर" म्हणाला. प्राध्यापकाला नाही म्हणायची आपल्या वस्तीत अजून पद्धत नाही.

कार्यक्रमाच्या रात्री मैदानात तो भारदस्त पियानो कुणाला ऐकूच आला नाही. खालच्या पट्ट्यांचा एक घूं घूं असा आवाज ढोलकीच्या धुमेत मिसळून गाण्यावर साचत होता आणि वरच्या पट्ट्यांची झळाळी मैदानाच्या हवेत विरून जात होती. दुसऱ्या गाण्यानंतर पोराने माझ्याकडे न पाहता टोन बदलला. तोच घोगरा आवाज आला आणि गाणे एकदम उभे राहिले. नंतर मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, ह्यो भोंग्यातनं निघतो. तो मोठा निघत नाही." पडद्यावर त्या टोनचे नाव होते 'वुर्ली'. हे नाव कुठून आले हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मला ग्रँड पियानोच चांगला का वाटला? माझ्या बापाने आयुष्यात पियानो पाहिला नाही. मीही पदवीधर होईपर्यंत पाहिला नव्हता. पाहिला तो फक्त हिंदी चित्रपटात: मोठा बंगला, वळणाचा जिना, पाहुण्यांच्या हातात पेले आणि पियानोवर बसलेला नायक. म्हणजे माझ्या कानावर जे सौंदर्यमूल्य बसले होते ते बंगल्याच्या दिवाणखान्यातून आले होते. पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस प्रमाण भाषा शिकतो आणि मग घरी जाऊन आईचे उच्चार दुरुस्त करू लागतो. मी त्या पोराच्या आवाजाच्या बाबतीत हेच केले होते. ही कबुली देण्यात मला संकोच वाटत नाही, कारण हा रोग माझ्या एकट्याचा नाही.

आता तो 'पहिला नंबर' कुठून आला ते पाहू. १९९१ मध्ये वाद्यनिर्मात्यांनी 'जनरल मिडी' नावाची एक सामाईक यादी ठरवली. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असो, अमुक क्रमांकावर अमुक आवाज मिळावा, अशी ती सोय. एकूण १२८ आवाज आणि आठ-आठांची सोळा कुळे. पहिले कुळ पियानोचे. त्यात पहिला मैफलीतला ग्रँड पियानो, दुसरा त्याचाच जरा चकचकीत भाऊ, तिसरा विजेवरचा ग्रँड, चौथा 'हाँकी-टाँक' म्हणजे गुत्त्यातला बेसूर पियानो, पाचवा व सहावा इलेक्ट्रिक पियानो, सातवा हार्प्सिकॉर्ड, आठवा क्लॅव्हिनेट. आमच्या पोराच्या 'वुर्ली'ला, म्हणजे वुर्लित्झरला, या यादीत स्वतःच्या नावाचा क्रमांकच नाही. कंपन्या त्याला आपापल्या वाढीव यादीत कुठेतरी जागा देतात. आणि १०५ ते ११२ या क्रमांकांच्या कुळाचे नाव आहे 'एथ्निक', म्हणजे इतर वंशांचे. तिथे सतार आहे, शहनाई आहे, जपानी कोतो आहे, आफ्रिकेतला कलिंबा आहे, बॅन्जो आहे. त्याच कुळात १११ व्या क्रमांकावर 'फिडल' बसवली आहे. व्हायोलिन मात्र ४१ व्या क्रमांकावर, तंतुवाद्यांच्या प्रतिष्ठित घरात! आता फिडल आणि व्हायोलिन ही दोन वाद्ये नव्हेत. लाकूड तेच, तारा चारच, गज तोच. सभागृहात वाजले की व्हायोलिन आणि खेड्यातल्या नाचाला वाजले की फिडल. वाजवणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावरून एकाच वाद्याला दोन नावे आणि दोन घरे मिळाली. जातिव्यवस्था समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मला वर्गात आजवर सापडले नव्हते.

यात कुणी कट केला असे माझे म्हणणे नाही. यादी करणाऱ्या अभियंत्यांना कुठूनतरी सुरुवात करायचीच होती. परंतु सुरुवात कुठून करावी हे ज्याला विचार न करता सुचते, त्याच्या डोक्यात आधीची एक उतरंड बसलेली असते. पुढे हाताळणारालाही ती नैसर्गिक वाटू लागते. यंत्र चालू केले की बहुधा पहिला क्रमांकच समोर येतो. काही न निवडणे म्हणजे तोच निवडणे.

मैफलीचा ग्रँड पियानो हे साधे प्रकरण नाही. जवळपास नऊ फूट लांब, वजन पाचशे किलोच्या आसपास, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. तो ठेवायला सभागृह लागते, सुरात ठेवायला पगारी माणूस लागतो, ऐकायला शांत बसलेला श्रोता लागतो. त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पूर्वी हस्तिदंत असे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील डीप रिव्हर आणि आयव्हरीटन ही गावे याच धंद्यावर वाढली. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून झांझिबारच्या किनाऱ्यापर्यंत ते सुळे माणसांच्या खांद्यावरून येत आणि त्यांतली अनेक माणसे गुलाम असत. त्या मधुर सुरामागे हे ओझे आहे. पण एवढ्यावरून पियानोवर बहिष्कार टाका असे म्हणणे म्हणजे संस्कृतात मनुस्मृती आहे म्हणून व्याकरणच शिकू नका असे म्हणण्यासारखे होईल. निना सिमोन या काळ्या मुलीला मैफलीची पियानोवादक व्हायचे होते. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. तो आपल्या रंगामुळेच नाकारला असे ती आयुष्यभर सांगत राहिली. म्हणजे ग्रँड पियानोही आमच्यासारख्यांनी मागितला आहे आणि तो नाकारला गेला आहे. त्याच्यावर हक्क सांगणे वेगळे आणि त्याला सर्व पियानोंचा मापदंड मानणे वेगळे.

चौथ्या क्रमांकाचा हाँकी-टाँक घ्या. गुत्त्यांतले आणि नाचघरांतले पियानो स्वस्त आणि जुने असत, त्यांना कुणी सुरात लावत नसे. पियानोत बहुतेक स्वरांना दोन-तीन तारा असतात. त्या एकमेकींपासून किंचित ढळल्या की आवाज थरथरतो. स्कॉट जॉप्लिनसारखे रॅगटाइमचे कलावंत अशाच ठिकाणी वाजवीत वाढले. त्याचा बाप जन्माने गुलाम होता. त्याचे 'मेपल लीफ रॅग' १८९९ मध्ये छापले गेले. आज यंत्रात हाच आवाज करायचा असेल तर चांगल्या पियानोचे दोन आवाज घेऊन एक जाणूनबुजून बेसूर करतात. जॉप्लिनच्या मागून गेलेली गरिबी आता बटण दाबून मिळते. गंमत म्हणजे स्वतः जॉप्लिनला आपले संगीत गंभीरपणे, ऑपेराच्या मंचावर ऐकले जावे असे वाटत होते. त्याला विनोदी गुत्त्याच्या चौकटीत बंद केले ते नंतरच्यांनी. म्हणून रॅगटाइम म्हटले की डोळे मिटून चौथा नंबर लावणे हीही मला आळशी निवड वाटते.

आता त्या घोगऱ्या आवाजाकडे येतो, कारण माझा खरा धडा तिथे आहे. वुर्लित्झर ही ज्यूकबॉक्स आणि चित्रपटगृहांचे ऑर्गन बनवणारी अमेरिकन कंपनी. १९५० च्या दशकाच्या मध्यावर तिने एक विजेवरचा पियानो बाजारात आणला. त्यात तारा नाहीत. हातोडी पोलादाच्या एका पातळ जिभेवर आदळते आणि त्या जिभेच्या कंपनाचे विजेत रूपांतर होते. आपल्या पेटीतही जीभच कंप पावते. तिथे तिला भात्याची हवा हलवते, इथे हातोडी. मला वाटते, पेटीची सवय असलेल्या आमच्या पोराच्या कानाला तो आवाज परका वाटला नाही याचे एक कारण हे असावे. हळू दाबले तर तो मऊ बोलतो, जोरात दाबले तर चिरतो, ओरडतो. घर, शाळा, शिकवणीचे वर्ग ही त्याची अपेक्षित गिऱ्हाइके होती. सभागृह कुणाच्या मनातही नव्हते.

रे चार्ल्स हा अंध काळा गायक तो पियानो आपल्याबरोबर गावोगाव घेऊन फिरू लागला. कारण काय? ज्या ठिकाणी कार्यक्रम होत तिथला पियानो कसा असेल याचा भरवसा नसे. वर्णभेदाच्या त्या काळात काळ्या कलावंतांचा दौरा ठरलेल्या गुत्त्यांतून, नाचघरांतून, लहान नाट्यगृहांतून होई. त्या साखळीला नाव पडले होते 'चिटलिन सर्किट'. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकाने फेकलेली आतडी गुलामांनी शिजवून खाल्ली, त्यावरून हे नाव. आमच्या वाचकांना वजडी आणि रक्ती काय हे सांगावे लागणार नाही. तर अशा वजडीच्या वाटेवर फिरणाऱ्या माणसाला नऊ फुटी ग्रँड पियानो कोण देणार? त्याने आपला आवाज स्वतःच्या गाडीत घालून नेला. सोबतचे वादक आधी त्या खेळण्याला हसले असे सांगतात. १९५८ च्या अखेरीस एका नाचाच्या रात्री कार्यक्रम संपवूनही वेळ उरला, म्हणून त्याने त्याच पियानोवर एक धून उचलली, बायकांच्या कोरसला 'मी म्हणतो तसे म्हणा' असे सांगितले आणि गाणे जागेवर रचले. तेच 'व्हॉट्ड आय से' १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झाले. चर्चमधली हाक आणि तिला मिळणारा हुंकार नाचघरात आला म्हणून धार्मिक मंडळी चिडली. पण सोल म्हणून जे संगीत पुढे जगभर गेले त्याच्या पायाशी हे गाणे आहे, आणि त्याच्या सुरुवातीलाच तो जिभेचा घोगरा आवाज एकटा बोलतो. त्या जागी ग्रँड पियानो घालून पाहा. सूर तेच राहतील, पण माणूस बदलेल.

गावातला पियानो बेभरवशाचा म्हणून स्वतःचा आवाज बरोबर नेणे, हे माझ्या मते सौंदर्यशास्त्रीय विधान आहे. ते अडचणीतून जन्मले म्हणून हलके ठरत नाही. आमच्या साहित्याला प्रस्थापितांनी हेच ऐकवले होते: परिस्थितीचे रडगाणे आहे, कला कुठे आहे? पण परिस्थितीने जे हाती दिले त्यातून आकार घडवणे हीच तर कला!

ऱ्होड्स पियानोची जन्मकथाही अशीच दिवाणखान्याबाहेरची आहे. दुसऱ्या महायुद्धात हॅरॉल्ड ऱ्होड्स हा पियानो-शिक्षक जखमी सैनिकांना शिकवीत होता. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवता येईल असे एकोणतीस पट्ट्यांचे वाद्य त्याने बॉम्बफेकी विमानांच्या टाकाऊ ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून बनवले. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या आणि १९६५ पासून फेंडर कंपनीच्या नावाने त्र्याहत्तर पट्ट्यांचा ऱ्होड्स मिळू लागला. यात हातोडी बारीक पोलादी सळईवर पडते. हळू वाजवा, लहान घंटेसारखा गोल आवाज. जोरात वाजवा, तो गुरगुरतो. १९६८ च्या सुमारास माइल्स डेव्हिसने हर्बी हॅन्कॉकला स्टुडिओत असले वाद्य वाजवायला सांगितले, तेव्हा हॅन्कॉकलाही ते आधी खेळणेच वाटले होते. तो लहानपणापासून युरोपीय शास्त्रीय पियानो शिकलेला; अकराव्या वर्षी शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर मोझार्ट वाजवलेला. त्याने पट्टी दाबली आणि त्याचे मत बदलले. १९७३ च्या 'हेड हंटर्स'मध्ये त्याने ऱ्होड्स आणि क्लॅव्हिनेट दोन्ही वाजवले आहेत. हॅन्कॉकला जे एका पट्टीत कळले ते मला कळायला एक अख्खा कार्यक्रम बिघडवावा लागला.

क्लॅव्हिनेट हे जर्मनीच्या होनर कंपनीचे वाद्य, १९६० च्या दशकातले. जुन्या युरोपातल्या क्लॅव्हिकॉर्डसारखे काही घरच्या घरी वाजवता यावे असा त्याचा हेतू. पट्टीखालचे रबर तारेला खाली आपटते आणि गिटारसारखा पिकअप तो आवाज उचलतो. तुटक, कोरडा, तडतडीत आवाज. स्टीव्ही वंडर या अंध काळ्या कलावंताने १९७२ मध्ये 'सुपरस्टिशन'मध्ये त्याला जवळजवळ ढोलच करून टाकले. त्या गाण्यातला ड्रमही त्याने स्वतःच वाजवला होता. म्हणून पट्टी आणि टिपरू यांतले अंतर त्याच्या हाताला माहीत होते. ज्याच्यावर बाखच्या रचना वाजाव्यात म्हणून बनवले, त्याच्यावर अंधश्रद्धेविरुद्धचे गाणे वाजले. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव आम्ही अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतले. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी तेव्हाच्या भाषेत ज्याला 'निग्रो साहित्य' म्हणत त्याची ओळख आम्हाला करून दिली. कविता वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, पण त्यांचे संगीत आम्ही कितीसे ऐकले? बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम तिथून चालत जाण्याइतके जवळ. १९४६ मध्ये त्यांनी ज्या डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिले, त्यांच्या १९०३ च्या प्रसिद्ध ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीतांच्या सुरावटी स्वरलिपीत छापल्या आहेत. शब्दांशिवाय, नुसते सूर! एका समाजशास्त्रज्ञाला विचार मांडण्यापूर्वी सूर मांडावासा वाटला, आणि आम्ही त्या ओळी शोभेची पट्टी समजून पान उलटत आलो.

पुढचे आवाज आता धावते पाहू. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये कुठलीच वस्तू कंप पावत नाही. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाऊनिंगच्या गणितावर त्याचा चमचमणारा इलेक्ट्रिक पियानो उभा आहे. त्या दशकातील संथ प्रेमगीतांत तो इतका वाजला की आज लावला तर गाण्याला लगेच जुन्या कॅसेटचा वास येतो. कधी तोच हवा असतो, तेव्हा लावावा. कोर्गच्या १९८८ च्या एम-१ मधला पियानो तर खऱ्या पियानोच्या मानाने उथळ, कडक, अंगात मांस नसलेला. आणि नेमका म्हणूनच हाऊस संगीतात चालला. हे संगीत शिकागोच्या काळ्या आणि समलिंगी तरुणांच्या नाचघरांतले. १९८६ मध्ये 'मूव्ह युवर बॉडी' करणारा मार्शल जेफरसन टपाल खात्यात कामाला होता. पियानो येत नव्हता म्हणून त्याने संथ गतीत वाजवून यंत्रावर वेग वाढवला. नाचघरात दणक्यावर दणका पडत असताना पियानोने फक्त कॉर्डचा घाव घालून बाजूला व्हायचे असते. तिथे श्रीमंत आवाज आडवा येतो.

इथे एक आक्षेप येईल. म्हणजे काळ्यांचे आवाज आमचे आणि गोऱ्यांचे परके, असे तुम्हाला म्हणायचे आहे का? नाही. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिनच्या 'आय नेव्हर लव्हड अ मॅन' या गाण्यात वुर्लित्झर वाजवला तो स्पूनर ओल्डहॅम या अलाबामातल्या गोऱ्या वादकाने. सूर रक्तात नसतो. तो ऐकून, सोबत राहून, वाजवून येतो. जन्मावरून आवाज वाटायचे असतील तर तो पुन्हा वर्णधर्मच झाला. याच कारणाने मला आपल्यातल्या दुसऱ्या एका मंडळींशी भांडायचे आहे. त्यांना वाटते की ढोलकी, डिमडी, तुणतुणे हेच खरे आपले, आणि कीबोर्ड आला तसा जलसा बाटला. बाटला! हा शब्द आम्ही कुणाकडून शिकलो? पेटी तरी कुठली? एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला बंदी घातली आणि १९७१ नंतर कुठे ती अंशतः उठली. तीन दशके शुद्धतेच्या नावाखाली जी पेटी सरकारी दाराबाहेर ठेवली, तीच आमच्या गायन पार्ट्यांनी खांद्यावर घेऊन वस्ती जागवली. आपला मिरवणुकीतला बॅन्जो जपानी ताइशोगोतोचा वंशज, १९१२ चा शोध, त्याच्या कळा टंकलेखन यंत्राच्या धर्तीच्या. अमेरिकेतला बॅन्जो वेगळा, तो गुलामांनी आफ्रिकेच्या आठवणीतून घडवला. दोघांचा संबंध नाही, नावच तेवढे एक. यातले कोणते 'मूळ' म्हणायचे? ज्याने हाताळून आपले केले त्याचे ते वाद्य.

तेव्हा निकष कोणता? माझ्या मते तीन गोष्टी ऐकाव्यात: गाणे काय सांगते, सोबत कोण वाजते, आणि आवाज कुठल्या जागेत जाणार आहे. यात तिसरी गोष्ट आमची समीक्षा अजिबात विचारात घेत नाही. मैदानातल्या कार्यक्रमात भोंग्यातून मधले सूरच नीट बाहेर पडतात. ग्रँड पियानोची श्रीमंती खालच्या आणि वरच्या टोकाला असते. शिवाय यंत्रातला ग्रँड पियानो डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत मुद्रित केलेला असतो. साउंडवाल्याने मिक्सरवर त्या एकत्र केल्या की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि पियानो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. बऱ्याच मंचीय कीबोर्डांत यासाठी 'मोनो पियानो' असा वेगळा टोन असतो, तो शोधावा. खालच्या सप्तकात पेटीचा खर्ज आणि ढोलकीची धुम आधीच बसलेली असते, तिथे डाव्या हाताने गर्दी करू नये. पेटी 'काळी दोन'ला आणि तीही जुन्या, किंचित चढलेल्या सुरांची असेल, तर नुसते ट्रान्सपोज करून भागत नाही, कीबोर्डाचा बारीक सूरही पेटीला मिळवावा लागतो. पेटीने कीबोर्डाला मिळावे अशी अपेक्षा करणारे बहाद्दरही मी पाहिले आहेत.

कव्वालीच्या अंगाच्या मुकाबल्यात वुर्ली चालतो, कारण गायकाच्या ओरडण्याला तोही ओरडून उत्तर देऊ शकतो. भीमजन्माच्या पाळण्याला मी ऱ्होड्स लावीन. पाळण्याच्या झोक्याला तो गोल आवाज हळूच हात देतो. सोबत आपला बॅन्जो असेल तर क्लॅव्हिनेट लावू नये. दोन्ही एकाच जागेत तडतडतात आणि कोण काय बोलले हे कळत नाही. पण बॅन्जो नसेल आणि ढोलकीवाला तयारीचा असेल, तर पोवाड्यात त्याच्या दोन थापांमधल्या मोकळ्या जागेत क्लॅव्हिनेट टाकून पाहावा. आणि महापरिनिर्वाणदिनी बंद सभागृहात एकटी बाई वामनदादांचे संथ गीत गात असेल, सोबत ढोलकी नसेल, भोंगे नसतील, तर खुशाल पहिल्या क्रमांकाचा ग्रँड पियानो लावावा, थोड्या पट्ट्या दाबाव्यात आणि सूर विरेपर्यंत थांबावे. तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. तिथे तो यादीत पहिला आहे म्हणून लावलेला नसेल.

हे सारे आमच्या वस्तीतल्या वादकांना हाताने येते. शब्दात मांडता येत नाही, कारण त्यांना ते कुणी विचारलेले नाही. परवा त्या पोराकडे एक वही पाहिली. डाव्या बाजूला गाण्याची पहिली ओळ, मध्ये 'काळी एक', 'पांढरी चार' असे, आणि उजवीकडे टोनचा क्रमांक. सत्तरएक गाणी असतील. काही क्रमांक खोडून पुन्हा लिहिलेले, एका ठिकाणी 'मैदान' आणि 'हॉल' असे दोन वेगवेगळे. मी ती वही विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मागितली, तर म्हणाला, "नेऊ नका सर, रविवारी सुपारी आहे." मग तिथेच बसून मी उतरवून घेतली. कार्यक्रमाच्या फलकावर गायकाचे, कवीचे, संयोजकांचे आणि प्रमुख पाहुणा म्हणून माझे नाव होते. वादकांच्या जागी 'आणि सहकारी' एवढेच छापले होते.